पाठलाग करणाऱ्यांना युक्तीने चकवून तुम्ही कधी निसटला आहात का?

होय. आठवीत असताना, फाल्गुन शुद्ध त्रयोदशीच्या रात्री. तारीख विचाराल तर सांगता यायची नाही, पण तिथी पक्की लक्षात आहे, कारण सगळा डाव तिथीवरच बेतलेला होता.

तुम्ही प्रश्नाखाली असंही लिहिलंय की सिनेमातली पोरं मोठ्यांना जसा गुंगारा देतात तसं खऱ्या आयुष्यात होतं का, की शेवटी जो जोरात पळतो तोच वाचतो. आमच्या पाच जणांत जोरात पळणारा एकच होता आणि सगळ्यात आधी सापडला तोच.

आमचं गाव देवगड तालुक्यातलं, वाघोटण खाडीच्या काठावर, विजयदुर्गापासून बरंच आत. कोकणात शिमग्याच्या आधी पोरं लाकडं चोरतात हे इकडच्या लोकांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो. होळीसाठी कुणाच्याही परड्यातून सरपण, चुडतं (म्हणजे माडाच्या झावळ्या), कुंपणाची मोडकी बेडी, हाताला लागेल ते पळवायचं. त्याला कुणी चोरी म्हणत नाही, पण सापडलात तर फटके खायचे. आणि एकदा का लाकूड होळीच्या ढिगावर पडलं की मालकाने ते परत मागायचं नाही. म्हणजे सगळा खेळ मालकाच्या दारापासून होळीच्या माळापर्यंतचा.

त्या वर्षी आमचा डोळा होता आंब्याच्या तीन ओंडक्यांवर. खालच्या वाडीत एक आजोबा राहायचे. तरुणपणी शिडाच्या गलबतांवर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके, होते, म्हणून सगळे त्यांना तांडेलच म्हणत. पावसात त्यांच्या बागेतला एक जुना आंबा पडला होता. त्याचे ओंडके करून त्यांनी खाडीकडेच्या मांगराला, म्हणजे बागेतल्या खोपटाला, लावून ठेवले होते. आंब्याच्या पेट्यांसाठी फळ्या पाडायच्या होत्या म्हणे. एकेक ओंडका उचलायला दोघं लागायचे.

अडचण अशी की तांडेलांच्या वाडीतून आमच्या वाडीत यायला वाट एकच. दोन्ही बाजूंना छातीएवढे चिऱ्यांचे गडगे, मध्ये पाणंद, अंतर दीड किलोमीटर. आदल्या वर्षी आम्ही तिथेच सापडलो होतो. खांद्यावर ओंडका घेऊन पाणंदीत शिरलेला माणूस म्हणजे पिंजऱ्यात शिरलेला उंदीर. पुढे पळता येत नाही आणि गडग्यावरून उडी मारायची तर ओंडका टाकावा लागतो.

माझा चुलतभाऊ माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. तो म्हणाला, आपण ओंडके न्यायचेच नाहीत. ते आपले आपण येतील.

आता इथे भरतीचं गणित सांगायला हवं. किनाऱ्यावरची जुनी माणसं तिथीची पाऊणपट करतात: जी तिथी असेल तिला पाऊणने गुणायचं, येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला, पौर्णिमेला सव्वाअकराला. दुपारी एक, रात्री एक. मधे साधारण सहा-सव्वासहा तासांनी सुकती, म्हणजे ओहोटी. यामागचं कारण सोपं आहे. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि भरतीही त्याच्यामागून तेवढीच सरकते; पाऊण तास धरला की तोंडी हिशेबाला बरं पडतं. हे काही घड्याळ नव्हे. वारा, पाऊस, खाडीचं वळण यांनी मागेपुढे होतं आणि खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते. पण पुनवेच्या आणि अवसेच्या आसपास उधाण असतं, पाणी जोरात आणि भरपूर चढतं, हे मात्र कधी चुकत नाही. होळी पुनवेलाच असते.

त्रयोदशी म्हणजे तेराची पाऊणपट, पावणेदहा. म्हणजे संध्याकाळी साडेतीन-चारला पाणी चढायला लागणार, रात्री पावणेदहापर्यंत खाडीचा ओघ समुद्राकडून आत. तांडेलांची वाडी खाली, समुद्राच्या बाजूला. आमची वर. सुकं आंब्याचं लाकूड पाण्यावर मस्त तरंगतं. सव्वाआठच्या सुमाराला ओंडके पाण्यात लोटायचे, भरती ते आमच्या दारात आणून सोडणार. वरच्या बाजूला आमची दोन पोरं होडी घेऊन थांबणार. आणि सगळ्यात धाकटा, तो पळण्यात पटाईत, त्याने पाणंदीतून दोन-तीन सुकी चुडतं फरफटत न्यायची. रात्री चुडत ओढल्याचा आवाज ऐकलाय कधी? कुणी अख्खं झाड ओढून नेतंय असं वाटतं.

हे आम्ही शोधून काढलं असं त्या वेळी वाटत होतं. नंतर कळलं की या किनाऱ्यावर मोठमोठ्या आरमारांना असंच झुलवलेलं आहे. १६७९ साली शिवाजी महाराजांनी थळसमोरच्या खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला, तेव्हा मुंबईकर इंग्रजांनी बेटाला गलबतांचा वेढा घातला. मराठ्यांच्या छोट्या होड्या रात्री किनाऱ्यावरून सुटायच्या, उथळ पाण्यातून बेटावर माणसं आणि सामान पोचवायच्या आणि उजाडायच्या आत परत. इंग्रजांची जहाजं मोठी, पाण्यात खोल बसणारी. उथळात शिरली तर तळ टेकायची भीती, आणि वारा पडला की जागेवर उभी. होड्यांना वल्हं पुरतं. त्याच ऑक्टोबरात मोठी लढाईही झाली, त्यात इंग्रजांची ‘डव्ह’ नावाची गुराब, म्हणजे लढाऊ गलबत, मराठ्यांच्या हाती लागली, पण मला लढाईपेक्षा त्या रात्रीच्या फेऱ्याच जास्त आवडतात. पुढच्या जानेवारीत इंग्रजांनी नाद सोडला. खांदेरी अजून उभी आहे, थळला गेलात तर किनाऱ्यावरून दिसते.

असो. आमच्या रात्रीकडे येऊ.

पहिला घोटाळा चाकरमान्यांनी केला. तांडेलांचे दोन पुतणे शिमग्यासाठी त्याच दिवशी मुंबईहून आले होते. आम्ही साडेसातला मांगरामागच्या कांदळात, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीत, जाऊन बसलो तर तांडेल आणि पुतणे असे तिघं खळ्यात, म्हणजे अंगणात, बसलेले. गप्पा काही संपेनात. चांदणं पडलेलं, म्हणजे उठून जायचीही सोय नाही. पायाखाली खाडीचा चिखल, पोटरीपर्यंत, थंडगार आणि कुजक्या वासाचा, कानाशी डास. चुलतभाऊ दर थोड्या वेळाने कांदळाच्या एका खोडाला हात लावून पाणी कुठवर आलं ते बघत होता. आधी बोटभर, मग वीतभर. मला डासांची चिंता, त्याला पाण्याची. साडेआठ वाजून गेल्यावर ते जेवायला आत गेले.

तांडेलांच्या कुत्र्याला आम्ही खाऱ्या बांगड्याचा तुकडा टाकला. तो त्याने खाल्ला आणि मग भुंकला. तोवर दोन ओंडके सुंभाने एकमेकांना बांधून पाण्यात सोडून झाले होते. तिसरा बांधायला वेळच नव्हता, तसाच लोटला. उताराने गडगडत गेला आणि असा धपकन पडला की पलीकडच्या काठावर ऐकू गेलं असेल.

“कोण रे थंय?”

पाणंदीतून चुडतांचा खरखराट सुरू झाला. अगदी वेळेवर. तिघंही बॅटऱ्या घेऊन पाणंदीत धावले आणि आम्ही दोघं कांदळात खाली बसलो. ते आमच्यापासून दहा हातांवरून गेले. एका पुतण्याची चप्पल तुटली तेवढी ऐकू आली, आणि त्यावर त्याने दिलेली शिवीही.

धाकट्याने चुडतं टाकून पळायचं असं ठरलं होतं. पण त्याला त्या कामाची इतकी मजा वाटली की त्याने चुडतं सोडलीच नाहीत. अर्ध्या वाटेत धरला गेला. पुतण्यांनी बॅटरी मारून बघितलं तर हातात चुडताचा देठ. “ओंडके खंय हत?” “कसले ओंडके? होळयेक चुडतां नेतंय.” एक टपली बसली आणि सुटला. चुडतांसाठी कोण कुणाला मारणार?

आम्ही तोवर गडग्यावर चढून बागांमधून वर निघालो होतो. पुढे पाणंदीत उतरलो आणि समोर तांडेल उभे. पुतण्यांना मागे सोडून म्हातारा आडवाटेने आधीच येऊन थांबला होता.

त्यांनी बॅटरी आधी आमच्या हातांवर मारली. हात रिकामे. मागे कुणी नाही, वाटेवर काही ओढल्याची खूण नाही. मग बॅटरी हळूहळू खाली आली. पायांवर थांबली.

पायांवरून पकडलं जाणं ही फार जुनी गोष्ट आहे. १६८९ च्या एप्रिलमध्ये राजाराम महाराज रायगडाच्या वेढ्यातून निसटले, वय अवघं एकोणीस. पुढे पन्हाळ्याहून लिंगायत यात्रेकरूंच्या वेशात जिंजीकडे निघाले. बखरीत सांगतात की बेंगळुराजवळ मुक्कामाला एक माणूस महाराजांचे पाय धुताना दिसला आणि बघणाऱ्यांना शंका आली: साध्या यात्रेकरूचे पाय असे कोण धुतो? बातमी ठाणेदाराकडे गेली. महाराजांना गुपचूप पुढे काढून दिलं, मागे राहिलेल्यांनी फटके खाल्ले पण तोंड उघडलं नाही. वेश, टिळे, झोळ्या सगळं जमवलं होतं. घात होणार होता तो पायांनी. आग्र्याच्या पेटाऱ्यांची गोष्ट सगळे सांगतात, ही फारशी कुणी सांगत नाही.

त्यांचे पाय धुतले म्हणून पंचाईत, आमचे धुतले नाहीत म्हणून. गुडघ्यापर्यंत राखी चिखल, चांदण्यात चकाकणारा.

“खंय गेल्लास?”

उत्तर आम्ही तयार ठेवलं होतं. चुलतभाऊ म्हणाला, “कुर्ल्यो धरूक.”

तांडेलांनी बॅटरी विझवली. “भरतीक?”

आम्ही गप्प.

“आणि पुनवेच्या तोंडाक? पोकळ कुर्ल्यो घेवन काय करतास?”

कुर्ल्या सुकतीला चिखलात धरतात, चढत्या पाण्यात नव्हे. आणि इकडे सगळे मानतात की अवसेच्या सुमाराला कुर्ली मांसाने भरलेली असते, पुनवेला रिकामी. म्हणजे एका वाक्यात आम्ही दोन थापा मारल्या होत्या, त्याही जन्मभर खाडीवर काढलेल्या माणसासमोर. मला वाटलं आता कान धरणार. पण त्यांनी मान वळवून खाडीकडे बघितलं. झाडांमधून पाण्याची पट्टी दिसत होती. बराच वेळ बघत राहिले, मग नाकातून नुसतं “हं” केलं आणि परत फिरले. पुतण्यांना हाक मारून घरी घेऊन गेले.

आम्हाला वाटलं, जिंकलो.

धावत काठावर आलो तर होडीतली पोरं वाट बघत होती. पावणेदहाच्या सुमाराला जोडीने बांधलेले दोन ओंडके आले, इतक्या शांतपणे की आधी कुणाला दिसलेच नाहीत. चांदण्यात सुसरीच्या पाठीसारखे. वल्ह्याने अडवले, दोर टाकला, काठाला आणले. तिसऱ्याची वाट बघत बसलो. दहा वाजले. पाण्यावरचा पाचोळा एका जागी थांबला. फेस थांबला. खाडी अशी थांबते तेव्हा काही क्षण आवाजच बंद होतो. मग पाचोळा हलला, पण उलट्या दिशेला. चुलतभावाने होडीत पालथा हात आपटला.

तिसरा ओंडका सकाळी तांडेलांच्याच खाजणात, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीत, लागलेला सापडला. सुकतीने इमानदारीत मालकाच्या दारात नेऊन ठेवला होता. म्हातारा खाडीकडे बघून ‘हं’ का म्हणाला ते आम्हाला तेव्हा कळलं. त्याने वेळ मोजली होती आणि त्याला माहीत होतं की सगळे काही पोचत नाहीत.

पुनवेच्या रात्री होळी पेटायच्या आधी तांडेल आले. मागे दोन्ही पुतणे, खांद्यावर तिसरा ओंडका, दोघंही घामाने डबडबलेले. ओंडका ढिगावर टाकला, नारळ ठेवला, हात जोडले. मग आमच्याकडे वळले.

“किती वाजता सोडलास?”

चुलतभाऊ खाली मान घालून म्हणाला, “पावणेनवाक.”

“अर्धो तास आदी सोडूक होयो होतो. आणि तिनय एकत्र बांधूक होये होते. सुटो ओंडको कडेक जाता, मधल्या व्हाळाक लागणा नाय.”

तेव्हा त्याने मान वर केली. “सोडतलो होतंव आदीच. पण तुमचे मुंबयवाले खळ्यातसून उठाक व्हये ना!”