शॉर्ट सेल फिसकटला, आता घराचं काय?

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही न्यू जर्सीत टाउनहाउसमध्ये राहतो. मिस्टरांचा जॉब गेला, आठ महिने घरी होते, हप्ते थकले. घराला आता ४ लाख २० हजार डॉलर येतील, पण पहिलं मॉर्गेजच ४ लाख ४५ हजार आहे आणि वर ६० हजारांचं हेलॉक (त्याच घरावर घेतलेलं दुसरं कर्ज). शॉर्ट सेलला (बँकेच्या संमतीने कर्जापेक्षा कमी किमतीत घर विकायला) गिऱ्हाईक मिळालेलं, मेन बँक तयार होती, पण हेलॉकवाल्यांना २० हजार हवे होते आणि मेन बँक ६ हजारांच्या वर सोडेना, शेवटी गिऱ्हाईक कंटाळून गेलं. आता फोरक्लोजरचं (थकलेल्या कर्जापायी घर लिलावात काढायच्या दाव्याचं) कोर्टाचं समन्स आलंय. मिस्टरांना नोकरी लागलीय, पगार कमी आहे. एजंट म्हणतो डीड इन लू करून, म्हणजे लिलावाऐवजी घर बँकेच्या नावे करून, चाव्या देऊन टाका. पुण्याहून सासूबाई दागिने मोडते म्हणतात, आम्ही ४०१ के (नोकरीतून निवृत्तीसाठी साठलेला पैसा) काढायच्या विचारात आहोत. काय करू?

उत्तर: आधी ते दागिने आणि ४०१ के दोन्हीला हात लावू नका. मी हे कळकळीने सांगतेय, कारण ४०१ के मधला पैसा बँकरप्सीतही (दिवाळखोरीतही) देणेकऱ्यांपासून सुरक्षित राहतो, आणि तोच काढून दोन-चार हप्ते भरले की पैसाही जातो आणि घरही जातं.

समन्स कधी मिळालं ती तारीख बघा. उत्तर द्यायला ३५ दिवस असतात आणि कोर्टाच्या मीडिएशनसाठी (तडजोडीच्या बैठकीसाठी) ६० दिवसांत अर्ज करायचा असतो, तो नक्की करा, त्यात बँकेच्या माणसाला तुमच्यासमोर बसावं लागतं.

आता एजंटचं म्हणणं. तुमचा शॉर्ट सेल हेलॉकवर अडला ना, मग डीड इन लू पण तिथेच अडणार, कारण दुसरं कर्ज घरावर तसंच ठेवून मेन बँक चाव्या कशाला घेईल? आणि घर लिलावात गेलं तरी हेलॉकवाले त्या ६० हजारांसाठी तुमच्यावर वेगळा दावा लावू शकतात, हे लोकांना खूप उशिरा कळतं.

पगार सुरू झालाय म्हणून मी दोनच रस्ते धरीन. पहिला लोन मॉडिफिकेशनचा, म्हणजे कर्जाच्या अटी बदलून घ्यायचा. पूर्ण अर्ज शेरीफ सेलच्या (घराच्या लिलावाच्या) ३७ दिवसांहून आधी पोचला तर तो तपासल्याशिवाय सर्व्हिसरला (बँकेतर्फे हप्ते वसूल करणाऱ्या कंपनीला) लिलाव करता येत नाही. पण एक मेख आहे, शॉर्ट सेलसाठी तुम्ही दिलेला अर्जही याच नियमात मोडतो, आणि तो एकदा पूर्ण म्हणून तपासून झाला असेल तर थकबाकी फिटेपर्यंत पुन्हा तपासायला ते बांधील नसतात. म्हणून त्यांच्या रेकॉर्डला तो कम्प्लीट होता का, हे लेखी विचारा.

दुसरा चॅप्टर १३, म्हणजे कोर्टाच्या प्लॅनप्रमाणे हप्त्यांनी फेड करायची बँकरप्सी, आणि तुमच्या आकड्यांकडे बघून मला हा जास्त पटतो. केस दाखल झाली की लिलाव थांबतो, थकलेले हप्ते ३ ते ५ वर्षांत फेडता येतात, फक्त चालू हप्ता नियमित भरावा लागतो. आणि घराची किंमत पहिल्या मॉर्गेजपेक्षाही कमी असेल तर हेलॉकचा बोजा कोर्ट घरावरून काढू शकतं, प्लॅन पुरा केलात की तो कायमचा जातो. ज्या हेलॉकने तुमचा सौदा मोडला तेच इथे निघतं! मात्र किंमत पहिल्या कर्जाहून थोडी जरी जास्त निघाली तर हे जमत नाही, म्हणून अप्रेझल (घराच्या किमतीचं मूल्यांकन) नीट करून घ्या. शेरीफचा हातोडा पडायच्या आत केस दाखल व्हायला हवी, नंतर उपयोग नाही. वकिलाची बरीचशी फी प्लॅनमधूनच देता येते.

क्रेडिट बिघडेल म्हणून घाबरू नका, ते हप्ते थकले तेव्हाच बिघडलंय. फॅनी मेच्या (बँकांकडून घरकर्जं विकत घेणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या) नियमात फोरक्लोजरनंतर नव्या कर्जासाठी ७ वर्षं थांबावं लागतं, चॅप्टर १३ पूर्ण होऊन डिस्चार्ज (कर्जमुक्तीचा आदेश) मिळाला की २ वर्षं.

'फोरक्लोजर थांबवतो' म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्या कंपन्यांना दारात उभं करू नका. हडमान्य (अमेरिकी सरकारच्या गृहनिर्माण खात्याने मान्यता दिलेले) काउन्सेलर मोफत मदत करतात, नंबर ८००-५६९-४२८७. फोन करताना समन्स, हेलॉकचं शेवटचं स्टेटमेंट आणि मिस्टरांच्या नवीन पे स्टब्ज (पगाराच्या पावत्या) हाताशी ठेवा, पहिल्या पाच मिनिटांत तेच विचारतात.