मंदीचं वातावरण आहे, तर टीव्हीच्या किमती अजून उतरतील का? थांबावं की आत्ताच घ्यावा?

तुम्ही विचारलंय की घरातला ३२ इंची टीव्ही सात वर्षांचा झालाय, अधूनमधून स्क्रीन काळी पडते, ५५ चा घ्यायचा विचार आहे पण कंपनीत माणसं कमी करायची चर्चा चालू आहे, मग थोडं थांबलं तर स्वस्त मिळेल का. माझं सोलापूर जिल्ह्यात टीव्ही विक्री आणि दुरुस्तीचं दुकान आहे, १८ वर्षं झाली. स्पष्ट सांगतो, भाव पडतील या आशेवर थांबू नका. हां, नोकरीची खात्री नाही म्हणून थांबत असाल तर जरूर थांबा, ते शहाणपणाचं आहे.

आता भाव का पडणार नाही ते बघा. टीव्हीच्या खर्चात साधारण ६०-७० टक्के वाटा एकट्या ओपन सेलचा असतो, म्हणजे चित्र दिसतं ती काच, मागचे दिवे (बॅकलाइट) न लावलेली. नोएडाला, तिरुपतीला टीव्ही जोडले जातात, पण ती काच आपल्याकडे बनत नाही, बहुतेक सगळी चीनमधून येते. सॅमसंगने २०२२ मध्ये एलसीडी पॅनल, म्हणजे हीच काच, बनवणं थांबवलं, जपानमध्ये शार्पचा साकाईचा कारखाना २०२४ ला टीव्ही पॅनलमधून बाहेर पडला, एलजीने ग्वांगझूचा कारखाना २०२५ मध्ये चीनच्या टीसीएलच्या सीएसओटी कंपनीला विकून टाकला. राहिले मोठे कोण, तर बीओई, सीएसओटी, एचकेसी, सगळे चिनी.

पूर्वी मंदी आली की कारखाने तसेच चालू राहायचे, माल साचायचा आणि भाव कोसळायचा. लॉकडाऊनमध्ये सगळं जग घरात बसलं तेव्हा वर्षभरात पॅनल दुपटीच्या आसपास गेलं होतं आणि २०२२ ला महागाईने मागणी बसली तशी तीच काच मातीमोल झाली, आमच्यातल्या ज्यांनी चढ्या भावात स्टॉक भरला होता ते तेव्हा चांगलेच अडकले. आता हे चिनी कारखानदार मागणी कमी दिसली की चिनी नववर्ष किंवा ऑक्टोबरची राष्ट्रीय दिनाची सुट्टी धरून मशीनच काही दिवस बंद ठेवतात, माल साचूच देत नाहीत. त्यामुळे मंदी आली म्हणजे टीव्ही स्वस्त, हे जुनं गणित आता चालत नाही.

त्यात भर मेमरीची. स्मार्ट टीव्हीत पण रॅम आणि स्टोरेजची चिप लागते, आणि २०२५ च्या दुसऱ्या सहामाहीपासून चिप कंपन्या एआयच्या डेटा सेंटरला माल द्यायच्या मागे लागल्यात, टीव्हीत लागणारी साधी मेमरी कमी बनते म्हणून महाग झाली. शिवाय डिसेंबर २०२५ ला डॉलर ९० रुपयांच्या वर गेला आणि काच, चिप दोन्ही डॉलरमध्येच येतात.

तुम्ही म्हणाल जीएसटी कमी झाला ना. झाला, २२ सप्टेंबर २०२५ पासून, पण फक्त ३२ इंचाच्या वरच्या टीव्हीला, २८ चा १८ टक्के. ३२ पर्यंतच्याला २०१९ पासून १८ च आहे, तरी लोक अजून येऊन विचारतात ३२ चा का नाही उतरला. आणि दहा टक्के स्वस्त झाला असंही नाही, शंभराच्या मालाचे करासकट १२८ व्हायचे ते ११८ झाले म्हणजे पावणेआठ टक्क्यांच्या आसपास, २८ हजाराच्या टीव्हीवर बावीसशे रुपये. तेवढे तर रुपया आणि मेमरी मिळून बघता बघता परत घेतील.

त्या दिवशी घटस्थापना होती, बाहेर नवीन रेटचा बोर्ड लावला होता आणि त्याच आठवड्यात सीना नदीला पूर आला. गिऱ्हाईक आलं पण नवीन टीव्ही घ्यायला नाही, भिजलेले टीव्ही घेऊन. एक ताई ४३ चा गोणपाटात गुंडाळून टेम्पोतून घेऊन आल्या. मागचं कव्हर उघडलं तर बोर्डावर चिखल पिठासारखा वाळलेला, आणि काचेच्या खालच्या कडेला ज्या पातळ फिती चिकटलेल्या असतात त्यांच्यावर हिरवट गंज. बोर्ड बदलता येतो, पण फिती गेल्या म्हणजे पॅनल गेलं, आणि नवं पॅनल टाकायचं तर जवळजवळ नव्या टीव्हीएवढा खर्च. त्यांचे पाच हप्ते अजून बाकी होते. बंद टीव्हीचे हप्ते त्यांनी मार्चपर्यंत भरले. म्हणून मी पोटतिडकीने सांगतो, पगाराची खात्री नसताना हप्त्यावर ५५ घेऊ नका. नो कॉस्ट ईएमआय म्हणतात त्यातही बऱ्याचदा प्रोसेसिंग फी असते, ती विचारून घ्या.

माझ्या काउंटरवर काय दिसतंय तेही सांगतो. ३२ चा खप बसलाय, कारण तेवढं काम मोबाईलवर भागतं. ज्यांच्याकडे पैसा आहे ते मंदी असो नसो ६५ नाहीतर ७५ नेतात, आणि मधला माणूस तीनदा येऊन बघून जातो आणि टीव्ही जुनाच दुरुस्त करून घेतो. विक्रीपेक्षा दुरुस्तीचं टेबल जास्त भरलेलं असतं सध्या.

एक गोष्ट मनाला लागते ती इथेच बोलतो. २०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा चिप आणि डिस्प्लेचा प्रकल्प तळेगावला येणार म्हणून आम्ही किती आशेवर होतो, सप्टेंबरमध्ये तो गुजरातला गेला आणि जुलै २०२३ ला फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली. काच इथेही नाही झाली आणि तिथेही नाही. ज्या राज्यात संभाजीनगरजवळ पैठण रोडवर व्हिडिओकॉनचे टीव्ही बनायचे तिथे आज आपण चीनच्या सुट्ट्या बघून दुकानाचा माल भरतो.

आता तुमच्या टीव्हीचं. स्क्रीन काळी पडते तेव्हा आवाज येत असेल तर रात्री खोलीतले दिवे बंद करा, टीव्ही चालू ठेवा आणि मोबाईलचा टॉर्च स्क्रीनला अगदी जवळ, तिरका धरून बघा. पुसटसं चित्र हलताना दिसलं तर काच बरीच चांगली आहे, बहुधा मागच्या बॅकलाइटच्या पट्ट्या गेल्यात. ३२ च्या पट्ट्या हजार-दोन हजारात बदलून होतात, पट्ट्या सगळ्या एकदम बदलायला सांगा, एकच बदलली तर उरलेल्याही बहुधा लवकरच जातात. टॉर्चमध्ये काहीच दिसलं नाही तर आधी बोर्ड तपासून घ्या, आणि तो कारागीर काच गेली म्हणाला तरच नव्या टीव्हीच्या दुकानात जा.