मुलाच्या डोक्यावर अचानक चट्टा दिसला तर

मुलांच्या केसगळतीबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रं इथे घेतली आहेत. चट्टा सगळ्यांनीच लिहिलाय, पण कारणं वेगवेगळी आहेत आणि म्हणून उपायही वेगवेगळे.

प्रश्न : मुलगा सात वर्षांचा. आठ दिवसांपूर्वी केस विंचरताना डोक्याच्या मागच्या बाजूला नाण्याएवढा गोल चट्टा दिसला. खाज नाही, दुखत नाही, कुठे पडला-लागलाही नाही. घरात जो तो वेगळं सांगतो. बुरशीचं मलम लावतोय, पण मन थाऱ्यावर नाही. केस परत येतील का?

ते मलम आजच बंद करा. चट्टा बुरशीचा असेल, तर वरून लावलेलं मलम केसाच्या मुळाशी पोहोचत नाही. बुरशीचा नसेल, तर त्याचा काही उपयोग नाही. शिवाय उद्या डॉक्टरांनी तपासणीसाठी खपली खरवडून घेतली, तर मलमामुळे बुरशी असूनही सापडत नाही.

आता मुलाला खिडकीशी उजेडात बसवा. कंगव्याने केस बाजूला सारून चट्ट्यावरून बोट फिरवा. कातडी गालासारखी गुळगुळीत लागते की खरखरीत? कोंड्यासारख्या खपल्या आहेत का? तुटलेले खुंट दिसतात का? मानेच्या मागे, कानामागे हरभऱ्याएवढ्या गाठी हाताला लागतात का? मग त्याची नखं तिरप्या उजेडात धरा आणि त्यांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे आहेत का, तेही पाहा.

खपल्या, खुंट आणि गाठी असतील तर बुरशीचा संशय घ्यावा, त्याबद्दल पुढच्या प्रश्नात लिहिलंय. पण तुमच्या वर्णनावरून ही चाई असण्याची शक्यता जास्त वाटते. तिच्यात कीडबीड काही नसते. शरीराची संरक्षणयंत्रणा चुकून केसांच्या मुळांवरच चालून जाते, म्हणून केस गळतात. चट्टा गोल आणि गुळगुळीत असतो. त्याच्या कडेला काही मिलिमीटरचे आखूड केस दिसतात, वर जाड आणि मुळाशी निमुळते, उद्गारचिन्हासारखे. ते दिसले तर चाई अजून पसरतेय असं समजावं. कडेचे केस ओढून बघू नका. ती परीक्षा डॉक्टर करतील, सोबत भिंगातूनही पाहतील. बहुतेक वेळा एवढ्यावर निदान होतं.

चाई एकाची दुसऱ्याला लागत नाही. तिच्यात केसाचं मूळ मरत नाही, नुसतं थांबतं, त्यामुळे केस परत येण्याची वाट खुली असते. एक-दोन लहान चट्टे असलेल्या बऱ्याच मुलांचे केस वर्षभरात येतात, कित्येकदा औषधाविनाही. नवे केस आधी मऊ, पांढरट येतात आणि मग रंग धरतात. ते पांढरे दिसले म्हणून घाबरू नका, ती चांगली खूण आहे. मात्र एक चट्टा भरत असताना दुसरीकडे नवा उमटू शकतो. चट्टे फार पसरले असतील, कानामागून मानेपर्यंत पट्ट्यासारखे गेले असतील किंवा नखांवर खड्डे असतील, तर आजार चिवट निघण्याची शक्यता वाढते. अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञांकडे जायला उशीर करू नका.

डॉक्टरांनी स्टेरॉइडचं मलम दिलं, तर ते किती लावायचं ते समजून घ्या. मोठ्या माणसाच्या बोटाच्या शेवटच्या पेराएवढी लांब मलमाची रेघ बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. नाण्याएवढ्या चट्ट्याला मसुराच्या दाण्याएवढं पुष्कळ झालं. ते चट्ट्यावर आणि कडेच्या एक सेंटिमीटरवर पातळ पसरा, कपाळाकडे ओघळू देऊ नका. मुलांत हे मलम बहुधा काही आठवडे लावून मध्ये काही आठवडे बंद ठेवतात, कारण सतत लावल्याने कातडी पातळ होते. चट्ट्यातली इंजेक्शनं दुखतात, म्हणून ती सहसा मोठ्या मुलांसाठी राखून ठेवतात. झोंबणारे रस आणि लेप मात्र अजिबात चोळू नका. कातडी भाजते आणि भाजल्याचा व्रण पडला तर तिथले केस कायमचे जातात.

प्रश्न : सहा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर दोन चट्टे आहेत. खपल्या आहेत, काळे ठिपके दिसतात, खाज येते, मानेत गाठी आल्यात. दुकानातून आणलेल्या मलमाने आधी बरं वाटलं, आता चट्टे वाढलेत.

ही बहुधा डोक्याची दाद, म्हणजे बुरशीने होणारं गजकर्ण आहे. ते काळे ठिपके म्हणजे बुरशीने पोखरल्यामुळे कातडीलगत तुटलेले केस. आधी बरं वाटलं याचा अर्थ त्या मलमात स्टेरॉइड असणार. त्याने लाली आणि खाज दबते, पण आत बुरशीला मोकळं रान मिळतं. मलम बंद करा आणि येताना ट्यूब डॉक्टरांना दाखवा, त्यातले घटक वाचल्यावर पुष्कळ उलगडा होतो.

डोक्याच्या दादेला पोटातून औषध घ्यावंच लागतं. खपल्या आणि तुटलेले केस तपासायला दिले की सूक्ष्मदर्शकाखाली लगेच अंदाज येतो. बुरशी वाढवून तिची जात ओळखायला मात्र तीन-चार आठवडे लागू शकतात. ही तपासणी टाळू नका, कारण कुत्र्या-मांजरांकडून येणाऱ्या जातीवर ग्रिसिओफुल्विन चांगलं लागू पडतं आणि काही इतर जातींवर टर्बिनाफिन. पहिलं साधारण ६ ते ८ आठवडे, दुसरं साधारण ४ आठवडे. मात्रा मुलीच्या वजनावर ठरते. ग्रिसिओफुल्विन स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणासोबत द्या, रिकाम्या पोटी ते नीट शोषलं जात नाही. खाज थांबली म्हणून दुसऱ्या आठवड्यात गोळ्या सोडणं ही आम्हाला सर्रास दिसणारी चूक आहे, आणि दाद परत येते ती त्यामुळेच.

सोबत आठवड्यातून दोनदा केटोकोनॅझोलचा शाम्पू लावून पाच मिनिटांनी धुवा. त्याने बुरशी बरी होत नाही, पण इतरांकडे जाणं कमी होतं. कंगवा, टोपी, टॉवेल, उशीची खोळ वेगळी ठेवा. घरातल्या सगळ्यांची डोकी तपासून घ्या. पाळलेल्या मांजराच्या अंगावर केस गेलेले चट्टे असतील तर त्याचीही तपासणी हवी. औषध सुरू झालं की मुलीला शाळेत पाठवायला हरकत नाही.

चट्टा सुजून पिलपिलीत झाला, त्यातून पू येऊ लागला, तर त्याच दिवशी दाखवा. ते गळू नसतं, बुरशीविरुद्ध शरीराने दिलेला तीव्र प्रतिसाद असतो. चिरून काही साधत नाही, आणि उशीर झाला तर तिथे कायमचं टक्कल पडू शकतं.

प्रश्न : नऊ वर्षांच्या मुलीच्या टाळूवर वेडावाकडा चट्टा आहे. पूर्ण टक्कल नाही, केस कमी-जास्त लांबीचे आहेत. अभ्यासाच्या टेबलाखाली केस सापडतात. ओढतेस का विचारलं तर नाही म्हणते.

ती खोटं बोलते असं धरू नका. केस उपटण्याची सवय कित्येकदा नकळत घडते. चिमटीत न येणारे आखूड खुंट तेवढे उरतात, म्हणून चट्टा गुळगुळीत न होता खुरटा दिसतो.

रागावल्याने सवय लपते, जात नाही. आधी आठवडाभर गुपचूप नोंद ठेवा : कधी, कुठे, कोणता हात. वाचताना, टीव्ही बघताना, झोप येताना, अशा ठरावीक वेळा हाती लागतील. त्या वेळी हाताला काम द्या : मऊ चेंडू, दोरीच्या गाठी. हात डोक्याकडे गेला की मूठ आवळून मिनिटभर धरायची, हे तिच्याशी ठरवा, तिच्यावर लादू नका. झोपताना सुती हातमोजे आणि काही महिने आखूड केस यांनीही फरक पडतो. दोन महिन्यांत फरक नसेल किंवा ती घुमी, चिंताग्रस्त वाटत असेल, तर सवय बदलण्याचं तंत्र जाणणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. उपटलेले केस ती गिळते का, याकडे लक्ष ठेवा. पोटात त्यांचा गोळा होतो. पोटदुखी, उलट्या, भूक मंदावणं असं काही दिसलं तर थांबू नका.

केस फक्त कपाळाच्या आणि कानाच्या कडेने विरळ होत असतील, तर मात्र घट्ट वेण्या कारण असतात. वेणी सैल घाला.

प्रश्न : अकरा वर्षांच्या मुलाला सहा महिने चाई आहे. उपचार चालू आहेत. जीवनसत्त्वांच्या गोळ्या द्याव्यात का? आता तो शाळेत जायला कुरकुर करतो.

गोळ्यांचं आधी. रक्तात लोह कमी असेल तर केस सगळीकडून विरळ होतात, गुळगुळीत चट्टा पडत नाही. कमतरता तपासणीत दिसली तरच भरून काढा. बायोटिन या जीवनसत्त्वाने चाई बरी होत नाही, उलट मोठ्या मात्रेत थायरॉइडच्या तपासणीचे आकडे चुकवतं. चालू असेल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगा. चाईसोबत थायरॉइडचा आजार असू शकतो, म्हणून थकवा, मंदावलेली वाढ किंवा घरात तसा इतिहास असेल तर ती तपासणी करावी.

सहा महिन्यांत चट्टे वाढलेच असतील, तर पुढच्या उपचारांबद्दल विचारा. बारा वर्षं पूर्ण झालेल्यांपासून पुढे, तीव्र चाईसाठी रिटलेसिटिनिब या गोळीला अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२३ मध्ये मान्यता दिली. ती देण्याआधी क्षयरोग, कावीळ आणि रक्तपेशींची तपासणी लागते. एक-दोन चट्ट्यांसाठी ती नाही.

आता शाळा. आम्हाला हाच भाग जास्त मोलाचा वाटतो, कारण केस कधी येतील हे मुलाच्या हातात नाही, पण उद्या वर्गात काय म्हणायचं ते आहे. त्याच्याशी बसून एक वाक्य ठरवा, त्याच्याच शब्दांत : ‘मला चाई आहे, ती लागत नाही, दुखतही नाही.’ घरी चार-पाच वेळा म्हणून घ्या, चेष्टेच्या सुरात विचारलं तरी तेच. वर्गशिक्षकांना आधी भेटा आणि टोपीची परवानगी लेखी मागा. टोपी घालायची की नाही, हे तो ठरवेल; उन्हात मात्र उघड्या चट्ट्याला टोपी किंवा सनस्क्रीन हवंच. वर्गाला सांगायचं असेल तर त्याला विचारून, आणि तो समोर हवा की नको हेही त्यालाच विचारून.

रोज सकाळी चट्टा तपासू नका. केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतात, रोज बघून त्याला फक्त तुमची भीती कळते. चार आठवड्यांतून एकदा, त्याच खिडकीशी, तेवढ्याच अंतरावरून, शेजारी पट्टी धरून फोटो काढा. बाकी दिवस डोक्याचा विषय त्यानेच काढला तर बोला. तो जेवणं-खेळणं सोडू लागला, झोप उडाली, तर केसांच्या डॉक्टरांइतकीच मानसोपचारतज्ज्ञांची गरज आहे.

प्रश्न : तीन वर्षांच्या मुलाच्या कानशिलावर त्रिकोणी, बारीक लव असलेला चट्टा आहे. वर्षभर जसाच्या तसा आहे.

तो वाढत नाही, खपल्या नाहीत आणि जागाही कानशिलाची, म्हणजे बहुधा ही जन्मजात ठेवण आहे. लहानपणीचे केस दाट झाल्यावर ती नजरेत येते. चाई समजून स्टेरॉइड लावत बसू नका, त्याने तिथे केस येणार नाहीत. एकदा भिंगातून खात्री करून घ्या. नंतर भांग दुसरीकडून पाडला की चट्टा झाकला जातो.