वाचक विचारतात: पाहुण्यांना जेवायला न्यायचं कुठं?

प्रश्न: नमस्कार काका, मी बेळगावच्या शहापूरला राहते. दिवाळीनंतर पुण्याहून माझी नणंद, तिचे मिस्टर, दोन मुलं आणि तिच्या सासूबाई चार दिवस येणार आहेत. मागच्या खेपेला एका मोठ्या एसी हॉटेलात नेलं तर तीच पनीरची लाल भाजी आली आणि नणंद म्हणाली, वहिनी हे तर आमच्याकडं कोपऱ्यावर मिळतं. मला फार वाईट वाटलं. सासूबाईंना कडक काही चावत नाही, मुलं तिखट खात नाहीत. काय करू?

उत्तर: ताई, मनाला लावून घेऊ नका, पण नणंदबाई खरंच बोलल्या बघा, पनीर खायला पुण्याहून इतक्या लांब कोण येतंय. मी तुम्हाला हॉटेलांची नावं सांगत बसत नाही, त्यापेक्षा एक गोष्ट सांगतो ती धरून चला. आपल्या जिल्ह्यात ताट पावसावर ठरतं. खानापूर-जांबोटीकडं धो धो पाऊस, म्हणून तिकडं भात, तांदळाची भाकरी, नाचणा. आणि बेळगाव सोडून गोकाक-सौंदत्ती-अथणीकडं गेलात की पाऊस कमी, काळी जमीन, मग जोंधळा आणि शेंगा. दोन-अडीच तासांच्या गाडीत अख्खं जेवण बदलतंय, हे पुण्याच्या माणसाला दाखवण्यासारखं आहे की नाही सांगा.

तर एक दिवस पूर्वेला काढा. गोकाकचा धबधबा दाखवा, घटप्रभा तिथं 52 मीटर खाली पडते, दिवाळीनंतर पावसाळ्याचा जोर नसतो पण झुलता पूल आहे, मुलं खुश होतात. आणि दुपारी बाराच्या पुढं साध्या खानावळीत बसा. बोर्ड बहुतेक कन्नडमध्ये असतो, लिंगायत खानावळ असं लिहिलेलं दिसलं की ते शुद्ध शाकाहारी, बिनधास्त आत जा. जोंधळ्याची भाकरी, भरली वांगी म्हणजे तिकडची एण्णेगाई, मटकीची उसळ, झुणका, शेंगा चटणी, कारळ्याची चटणी, वर घट्ट दही, आणि ताटाच्या कडेला कच्ची मेथी, कांद्याची पात, मुळा, काकडी. ही कच्ची पानं पाहुणे बाजूला सारतात, तसं करू देऊ नका, भाकरीच्या घासाबरोबर मेथीचं पान खाल्लं की वांग्याच्या तेलाचा जडपणा जातो, त्यासाठीच ती ठेवलेली असते.

सासूबाईंसाठी एवढं करा, बसल्या बसल्या विचारा, "बिसी रोट्टी ऐतेन्री?" म्हणजे गरम भाकरी आहे का. तव्यावरची गरम भाकरी मऊसूत असते, ती दह्यात किंवा आमटीत कुस्करून कुणालाही चालते. न विचारता बसलात तर कधी कधी वाळवलेली कडक भाकरी येते, ती आपल्याला आवडते कुर्रकुर्र पण त्यांना नाही जमणार. मुलांना दही-भाकरी आणि शेंगाची पोळी मिळाली तर ती, तूप घालून. मुलं दोन-दोन खातात, माझ्या नातवंडांचं बघितलंय.

आणि वेळ पाळा हो, हे मी कळकळीनं सांगतोय. गेल्या वर्षी आम्ही साडेतीनला एका खानावळीत पोचलो, गरम भाकरी संपलेली, वांगी संपलेली, गार भात आणि पातळ सांबार खाऊन उठलो, आणि बरोबर आलेले पाहुणे एवढ्या लांबून आलेले, मला आजपण वाईट वाटतं. अशा ठिकाणी दुपारपुरतंच करतात, संपलं की संपलं. बारा ते दोन, त्याच्या पुढं नको.

दुसरा दिवस पश्चिमेला. खानापूरच्या बाजूला तांदळाची भाकरी आणि रस्सा, गोवा जवळ म्हणून मासे पण मिळतात. नणंदबाईंचे मिस्टर मटण खात असतील तर रस्सा मागवण्याआधी तिखट किती आहे ते विचारा. लालभडक दिसला म्हणून घाबरायचं नाही, ब्याडगी मिरची रंगाला भरपूर आणि तिखटाला कमी, पण संकेश्वरी घातली असेल तर मात्र घाम फुटतो. मुलांना त्या दिवशी साधा डाळ-भात आणि तूप, जबरदस्ती नको.

सकाळचं घरात करू नका, तुम्ही पण माणूस आहात. जवळच्या उडपी हॉटेलात उप्पीट-शिरा, इडली, पड्डू म्हणजे आपले अप्पे, सगळ्यांचं भागतं.

प्रश्न: मी निपाणीचा. मुंबईला भावाकडं बेळगावहून काय न्यावं? कुंदा नेला तर वहिनी म्हणतात गोड फार.

उत्तर: कुंदा न्या पण निघायच्या दिवशीच घ्या, आदल्या आठवड्याचा डबा नको. दूध आणि साखर आटवून आटवून तो तपकिरी होतो, चांगला कुंदा रवाळ असतो, बोटाला तूप लागतं. पाव किलो पुरे. वहिनींना गोकाकचं करदंट आवडेल, त्यात डिंक, गूळ, सुकं खोबरं, काजू-बदाम, चावायला चिवट आणि गोड बेताचं, शिवाय कुंद्यापेक्षा जास्त दिवस टिकतं. आणि लग्नाच्या रुखवतात ठेवतात ते मांडे मिळाले तर सोडू नका, पण बसमध्ये मांडीवर ठेवून न्यावे लागतील, बॅगेत घातले की चुरा. चुरा झालाच तरी टाकू नका, वाटीत घालून वर गरम दूध आणि चमचाभर तूप, मांडे खायचे असेच असतात.