कार्तिकात घरच्या अंगणात साठेक माणसांत लग्न करायचं आहे. फोटो बाहेरच्या उजेडातले हवेत. दिवस कसा आखावा?

तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात. त्याच पंधरवड्यात धाकट्या बहिणीचं लग्न आम्ही वाईजवळच्या गावी, घरच्या अंगणात केलं. माणसं ६५. तुमचा प्रश्न वाचून आधी आठवलं ते मांडवाचं कापड.

मांडववाल्याकडे लाल-पिवळं कापड होतं. लग्नघर आहे, शोभेल, असं आम्हीही म्हटलं. ऊन त्यातून गाळून खाली आलं आणि मंगलाष्टकांच्या फोटोंत भटजींसकट सगळे पिवळेजर्द. हळद आदल्या दिवशी एकदाच लागली होती, अल्बममध्ये दोनदा लागलेली दिसते. कंप्युटरवर चेहरे सुधारायला गेलं तर शालूचा रंग बिघडतो. छत पांढरंच घ्या, रंग काय तो झालरीला. ताडपत्री जवळ ठेवा, नोव्हेंबरात अवकाळी येतो. पण आधीच वर बांधू नका, निळ्या ताडपत्रीखाली सगळे निळे दिसतील.

आता वेळेचं. नोव्हेंबरअखेरीला आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, म्हणून फोटोग्राफरने पाच ते पावणेसहा धरले होते. आमचं घर डोंगराच्या पायथ्याशी आहे हे त्याला कुठून माहीत, आणि आम्हालाही सांगायचं सुचलं नाही. आमच्या अंगणातून ऊन सव्वापाचलाच जातं. त्यात आत्यांनी बजावलेलं, पाठवणी दिवेलागणीच्या आत. नवरानवरीला जेमतेम वीस मिनिटं मिळाली. तुम्ही आठवडाभर आधी एक दुपार अंगणात खुर्ची टाकून बसा आणि ऊन कुठून कधी सरकतं ते घड्याळ लावून बघा.

पुन्हा करायचं झालं तर मी मुहूर्त अकराच्या आतला मागेन. अक्षता पडल्या की जेवणाआधी घरच्यांचे एकत्र फोटो, कारण जेवण झालं की मामा मंडळी एसटीच्या वेळा बघू लागतात. कोण कोणाशेजारी याची यादी एखाद्या खड्या आवाजाच्या चुलतभावाकडे द्या. हे फोटो भर उन्हात नकोत, डोळ्यांखाली खड्डे दिसतात आणि मुंडावळ्यांच्या सावल्या गालावर उतरतात. आंब्याखालीही नकोत, पानांतले कवडसे एकाच्या नाकावर आणि दुसऱ्याच्या कानावर पडतात. पडवीच्या कडेला उभं करा. समोरच्या अंगणातलं ऊन उलटून तोंडावर छान पसरतं.

मग पंगत. मसालेभात, जिलबी, मठ्ठा. घरची माणसं बसेपर्यंत अडीच वाजतातच. त्यानंतर नवरीला तासभर आडवं होऊ द्या. हे गंभीरपणे सांगतोय. पहाटे चारला उठलेली, होमाच्या धुराने डोळे लाल झालेली मुलगी कुठल्याच उजेडात प्रसन्न दिसत नाही. साडेतीनला नवा गजरा माळायचा आणि पाचपर्यंत दोघांचे फोटो.

त्यासाठी लांब जाऊ नका. आम्ही विहिरीच्या काठावर आणि शाळूच्या रानात शालू, एवढंच केलं. बांधावरच्या गवताची कुसळं पदराला चिकटतात, ती काढायला करवली सोबत हवी. रंगीत धूर आणि ड्रोनला मी नाही म्हटलं, त्याबद्दल मेहुणे अजून टोमणे मारतात.

एक कागदाचं काम. साठ माणसांना पत्रिका कशाला, असं वाटेल; पण विवाहनोंदणीच्या वेळी पत्रिका मागतात, थोड्या का होईना छापा. अर्जावर भटजींची सही आणि ३ साक्षीदार लागतात. भटजी दक्षिणा घेऊन निघण्याआधीच सही उरका, आम्हाला त्यासाठी दोन खेपा पडल्या.

आणि ऊन गेलं म्हणून कॅमेरा लगेच पिशवीत भरू देऊ नका. डोंगराआड सूर्य गेल्यावर बराच वेळ मऊ उजेड राहतो. आमच्याकडचा सगळ्यात चांगला फोटो तेव्हाचा आहे: पडवीच्या पायरीवर आजी सुपारी कातरतेय आणि मागे गाडीत बॅगा चढताहेत.