बँकेत जायचंय, पण गेटबाहेर सोडत नाहीत

प्रश्न : बाई, नमस्कार. मी ठाण्यातल्या एका खासगी अनुदानित माध्यमिक शाळेत गणित शिकवते, राहते कळव्याला. शाळा साडेदहा ते सव्वापाच. जूनपासून संस्थेचं परिपत्रक आहे : शाळेच्या वेळेत खासगी कामासाठी कुणी गेटबाहेर जायचं नाही, तासाभरासाठी गेलं तरी पूर्ण दिवसाची सीएल (किरकोळ रजा) लागेल, आणि अर्जासोबत कामाचा पुरावा जोडायचा. नोव्हेंबरात सासूबाईंना हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत न्यायचं होतं. सासरे रेल्वेत होते, त्यांचं कुटुंब निवृत्तिवेतन सासूबाईंना मिळतं. वय 81. मधल्या सुट्टीनंतरचे दोन तास मला ऑफ होते, बँक शाळेजवळच, तरी सोडलं नाही. सचिव म्हणाले, "घरची कामं रविवारी करा." काही जणी मस्टरवर सही करून मागच्या दारानं जाऊन येतात. मला ते जमत नाही. काय करू?
— एक शिक्षिका, कळवा

उत्तर : तुमचं पत्र वाचून पहिल्यांदा राग आला तो त्या 'रविवारी करा'चा. रविवारी बँक बंद असते. सप्टेंबर 2015 पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारीही बंद असते. सरकारी कचेऱ्यांना 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा झाला, शाळांना तो लागू नाही. त्याआधी शनिवारी सकाळची शाळा सुटली की निदान एखादा शनिवार धरून तहसील कचेरी गाठता यायची, तीही वाट गेली. शिक्षक वर्गात असतो नेमक्या त्याच वेळी बाहेरच्या सगळ्या खिडक्या उघड्या असतात. हे शाळा चालवणाऱ्यांनी समजून घ्यायलाच हवं.

पण संस्थेला असं परिपत्रक का काढावंसं वाटलं असेल, तेही मला ठाऊक आहे. मी ऐरोलीत मुख्याध्यापिका असताना एक शिक्षिका मस्टरवर सही करून वीजबिलाचं काम करायला गेल्या. कुणालाही सांगितलं नव्हतं. सातवी ब रिकामी होती. एक मुलगा बाकावर चढून खिडकीच्या गजांना लोंबकळला आणि पडला, हनुवटीला टाके पडले. संध्याकाळी त्याच्या आईनं मला एवढंच विचारलं, "बाई, तेव्हा वर्गावर कोण होतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही तो प्रश्न आठवला की अंगावर काटा येतो.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसच्या टेबलावर एक दोनशे पानी वही ठेवली. पट्टीनं चार रकाने आखले : नाव, गेल्याची वेळ, परतल्याची वेळ, तास कोण घेणार. चौथ्या रकान्यात तास घेणाऱ्यानं स्वतः सही करायची. कारणाचा रकाना मी मुद्दाम ठेवला नाही. कुणी सोनोग्राफीला जात असेल, कुणी वकिलाकडे. ते मला कळायची गरज नव्हती, वर्ग रिकामा नाही हे कळायची होती. निवृत्त होईपर्यंत ती वही चालली, आणि चोरून जाणं जवळजवळ थांबलं.

आता तुमच्या परिपत्रकाकडे येते. किरकोळ रजा हक्क म्हणून मागता येत नाही, हे खरं. परीक्षेच्या दिवशी किंवा निम्मा स्टाफ आधीच रजेवर असताना मुख्याध्यापक नाही म्हणू शकतात, आणि ते बरोबर आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 24 नुसार वेळेवर आणि नियमित हजर राहणं हे शिक्षकाचं कर्तव्य आहे. त्याच कायद्यानं शिक्षकाचे आठवड्याचे किमान 45 तास धरलेत आणि पाठाच्या तयारीचा वेळही त्यात मोजलाय. म्हणून ऑफ तास म्हणजे आपला मोकळा वेळ, असं म्हणून भांडू नका. त्या मुद्द्यावर तुम्ही हराल.

मात्र खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या रजा राज्य सरकारच्या 1981 च्या सेवाशर्ती नियमावलीत नियम 16 मध्ये घालून दिलेल्या आहेत. संस्थेचं परिपत्रक त्या नियमावलीपेक्षा मोठं नाही. अर्ध्या दिवसाची सीएल ही शाळांमधली जुनी, रुळलेली पद्धत आहे. दोन तासांसाठी पूर्ण दिवस कापला की माणूस पूर्ण दिवसच घरी राहतो आणि मुलांचे दोन तासांऐवजी सगळे तास बुडतात. बैठकीत हाच मुद्दा मांडा, त्यात तुमच्यापेक्षा मुलांचं हित आधी दिसतं. पुराव्याची अट मला अजिबात पटत नाही. चाळीस वर्षांच्या बाईनं बँकेची पावती दाखवून आपण खोटं बोललो नाही हे सिद्ध करायचं, तर तिनं वर्गासमोर कुठल्या मानानं उभं राहायचं?

एकट्या जाऊ नका. चार-पाच जणींच्या सह्यांचं पत्र मुख्याध्यापकांना द्या आणि पोच घ्या. पत्रात दोनच गोष्टी मागा : अर्ध्या दिवसाची रजा पुन्हा सुरू करावी आणि माझ्या त्या वहीसारखी हालचाल नोंदवही ठेवावी. परिपत्रक शाळा समितीत मंजूर झालं का, हेही लेखी विचारा. उत्तर आलंच नाही तर जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी (माध्यमिक) आहेत. पण ती पायरी शेवटची, कारण पुढची वीस वर्षं तुम्हाला त्याच स्टाफरूममध्ये बसायचंय. मागच्या दारानं जाणाऱ्यांना मात्र आधी थांबवा. त्यांच्यातली एक जरी सापडली, तरी तुमच्या पत्राला किंमत उरणार नाही.

आणि सासूबाईंसाठी एक. केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकांना ऐंशीनंतर हयातीचा दाखला 1 ऑक्टोबरपासूनच देता येतो, नोव्हेंबरची वाट बघावी लागत नाही. जीवन प्रमाणची, म्हणजे डिजिटल हयातीच्या दाखल्याची, सोय मोबाइलवर आहे, चेहरा दाखवून दाखला निघतो, आधार मात्र जोडलेलं हवं. ते नाही जमलं तर पोस्टमन घरी येऊन करून देतो, कळव्याच्या पोस्टात चौकशी करा. म्हातारीला रिक्षात चढवा-उतरवायला नको.