शेवट चाळीस एकरांवर कर

प्रिय मैत्रिणी,

लेप्रिकॉनच्या, म्हणजे आयरिश लोककथांतल्या जोडे शिवणाऱ्या बुटक्याच्या, गोष्टीचा तुझा खर्डा वाचला. मुलांना सांगायला आयर्लंडची गोष्ट निवडलीस, छान केलंस. पण हिरवी टोपी, इंद्रधनुष्य, सोन्याचा हंडा आणि शेवटी ‘लोभ वाईट’ हा सगळा माल शुभेच्छापत्रावरचा. लोकांच्या तोंडी असलेली गोष्ट याहून कितीतरी खट्याळ आहे.

एकोणिसाव्या शतकात छापली गेलेली टॉम फिट्झपॅट्रिकची गोष्ट घे. सुगीतला सणाचा दिवस. कुंपणाकडेनं जाताना टॉमला टकटक ऐकू येते. बघतो तर कातडी एप्रन बांधलेला इवलासा म्हातारा चिमुकल्या जोड्याला टाच ठोकत बसलाय, शेजारी मद्यानं भरलेला सुरईएवढा बुधला. टॉम त्याला धरतो. नजर हटली की हा निसटणार, म्हणून डोळे त्याच्यावरच. म्हातारा त्याला एका शेतात नेतो आणि रॅगवर्टच्या, म्हणजे पिवळ्या फुलांच्या एका रानझुडपाकडे बोट दाखवतो : याच्याखाली मोहरा. टॉमकडे फावडं नाही! तो मोज्याची लाल पट्टी सोडून झुडपाला बांधतो, ‘हिला हात लावणार नाही’ अशी शपथ म्हाताऱ्याकडून घेतो आणि घरी पळतो. फावडं घेऊन येतो तर शेतातल्या प्रत्येक झुडपाला तशीच लाल पट्टी. शेत चाळीस एकरांचं.

आता नीट बघ. म्हाताऱ्यानं शपथ मोडलेली नाही. तुझा लेप्रिकॉन सरळ खोटं बोलतो. हा शब्दाला जागून टॉमला बनवतो. मुलं इथं हसतील, मग टॉमनं शपथ कशी घालायला हवी होती यावर भांडतील. भांडू देत. तू तात्पर्य सांगितलंस की ते भांडण तिथंच बसलं.

या गोष्टी ऐकणारे बरेचसे लोक दुसऱ्याच्या जमिनीवर खंड भरून राबत. पुरलेल्या धनाचं स्वप्न त्यांना हवं होतं आणि त्या स्वप्नाची टिंगलही, असं मला वाटतं. तू नुसती टिंगल ठेवलीस, तीही शिकवणीच्या सुरात.

गोष्ट बदलूच नये, असं नाही. आठव्या शतकाच्या सुमाराच्या कथेत हे बुटके पाण्यातले आहेत, झोपलेल्या फर्गस राजाला समुद्रात ओढून नेणारे. तिथं जोडे नाहीत की मोहरा नाहीत. बदल, पण आधीचं वाचून.

आणखी एक. 1937 ते 1939 दरम्यान आयर्लंडमधल्या सुमारे 5,000 शाळांतल्या जवळपास 50,000 मुलांनी आईबाप, आजीआजोबा, शेजारी यांच्याकडून अशा गोष्टी ऐकून वह्यांत उतरवल्या. ती पानं आता इंटरनेटवर आहेत, तासभर चाळ. तुझ्या कार्यक्रमानंतर मुलांनाही घरची एक गोष्ट लिहून आणायला सांग. शुद्धलेखन मात्र तपासत बसू नकोस.

पुढच्या खर्ड्यातून इंद्रधनुष्य काढ. कोट हवाच असेल तर लाल दे, जुन्या वर्णनांत तो बहुधा लालच असतो. शनिवारपर्यंत पाठव.

तुझी,
मावशी